मागचा डावा कोपरा

आयव्हर ब्रांडव्होल्डचा तिसरा फोन आला तेव्हा मी सिंकपाशी उभा राहून डब्यातूनच बीन्स खात होतो.

"ऑर्व्हल, जमीन सुटली," तो म्हणाला. "काल पहार टाकून बघितली. चार फुटांपर्यंत मऊ आहे."

"बरं."

"बरं काय? तारीख सांग."

"सांगतो."

"एप्रिलपासून सांगतोयस. दगडी खोलीत आता तिच्याशिवाय कोणी उरलेलं नाही. मेमोरियल डेला लोक थडग्यांवर फुलं वाहायला येतात, त्याच्या आधी मला ती रिकामी करावी लागते, तुला माहितीये. नाही सांगितलंस तर मीच एखादा दिवस ठरवीन, आणि मग तू जन्मभर माझ्याशी बोलणार नाहीस."

"गुडघे दुखतायत रे."

"गुडघ्यांनी काय खणायचंय तुला? खणतो मी."

मी फोन ठेवला.

आमचं टार्पली गाव वायोमिंगच्या उंच भागात आहे. नोव्हेंबर ते एप्रिल इथे जमीन गोठलेली असते, कुदळ जात नाही. हिवाळ्यात गेलेल्या माणसाला दफनभूमीच्या फाटकाजवळच्या दगडी खोलीत ठेवतात आणि जमीन सुटली की आयव्हरने खणलेल्या खड्ड्यात पुरतात. माझे वडील तिथे तीन महिने होते, तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं. माझी बायको लुएला एकोणीस जानेवारीला गेली. मे अर्धा संपला होता आणि ती अजून त्या खोलीत होती.

गुडघे खरंच दुखतात, पण कारण ते नव्हतं. मी तीनदा पिकअप काढून निघालो होतो. गुरं येऊ नयेत म्हणून फाटकापुढे जमिनीत लोखंडी पाइपांची जाळी बसवलेली आहे. तिथपर्यंत जायचो आणि गाडी वळवायचो. चाकं जाळीवर एकदाही गेली नाहीत. दर वेळी पुन्हा माझ्याच अंगणात.

दुसरं कारण गेमचं होतं.

लुएला गेम चालवायची. दर रविवारी दोन ते पाच, आमच्या जेवणाच्या टेबलावर, अकरा वर्षं. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. सांगणारा विचारतो, समोर खिंड आहे, आता काय करता? तुम्ही काय करता ते सांगायचं. जमतं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. सांगणाऱ्यापुढे पुठ्ठ्याचा आडोसा उभा असतो, त्यामागे त्याची वही, नकाशे आणि त्याचे स्वतःचे फासे. आडोशामागे डोकवायचं नाही आणि तिथे किती पडले ते विचारायचं नाही. बाकी सगळे नियम आम्ही कधी ना कधी मोडले. हा एक कोणी मोडला नव्हता.

लुएलाच्या गोष्टी यायच्या जुन्या मासिकांच्या खोक्यातून. तिचे वडील न्हावी होते. दुकानात गिऱ्हाइकांसाठी ते स्वस्त पिवळ्या कागदाची मासिकं ठेवायचे. मेलेला शेरीफ परत येतो, घोडेस्वाराच्या टोपीखाली नुसती कवटी असते, बंद खाणीत काहीतरी श्वास घेत असतं, असला सगळा माल. पण वस्तऱ्यावरचा फेस पुसायला वडील त्याच मासिकांची मागची पानं फाडायचे. त्यामुळे लुएलाने लहानपणी शेकडो गोष्टी वाचल्या आणि एकीचाही शेवट तिला ठाऊक नव्हता. शेवट ती स्वतः रचून शाळेत पोरींना सांगायची. पुढे पुढे पोरींनाच विचारायला लागली, तुम्ही असता तर काय केलं असतं? तिचा गेम म्हणजे तेच. ते खोकं अजून आमच्या पलंगाखाली आहे.

खेळणारे आम्ही तिघं. डेल्मर प्रुइट गॅसच्या टाक्यांचा ट्रक चालवतो. गेममध्ये तो डीकन, बायबल सोडून बंदूक धरलेला पाद्री. नेटी ऑर्टेगा शाळेची बस चालवते. ती सिस्टर पर्पेतुआ, मठातून पळालेली आणि झोळीत डायनामाइट घेऊन फिरणारी. मी टोबियास नालबंद. मी आयुष्यभर विहिरींचे पंप दुरुस्त केले, मला फार बोलायची सवय नाही. काही झालं की मी म्हणायचो, "टोबियास घोड्यांपाशी थांबतो." अकरा वर्षांत दोघांनी यावरून माझी जेवढी टिंगल केली तेवढी दुसऱ्या कशावरून केली नसेल.

गेल्या सप्टेंबरात लुएलाने आम्हाला मर्सी नावाच्या गावात आणलं. आम्ही गावात शिरतोय आणि समोरून एक शवपेटी येतेय. साधी पाइनच्या फळ्यांची, चौघांच्या खांद्यावर. मागे रडणारं कोणी नाही.

"पेटीत पिशाच्च आहे," डेल्मर लगेच म्हणाला. "अशा गोष्टींत पेटीत नेहमी पिशाच्चच असतं. डीकन गोळी झाडतो."

"कोणावर?" लुएलाने विचारलं.

"मागच्या डाव्या माणसावर. पेटी पडली की झाकण उघडेल."

फासा टाकला. वीस पडले, पूर्ण वीस. माणूस मेला. पण पेटी पडली नाही. तिघांनी ती कशीबशी धरून ठेवली आणि चौथा कोपरा मातीत घासत ते पुढे गेले. डेल्मरला त्यात मजा वाटेना, तो दारूच्या गुत्त्यात शिरला. लुएलाने वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, "बरं."

त्यानंतर आम्हाला मर्सीतून बाहेर पडता आलं नाही. उत्तरेच्या रस्त्याने निघालो की दक्षिणेकडून गावात शिरायचो. न्हाव्याच्या दुकानाचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब दिसायचा की कळायचं, आलो परत. पूर्वेला गेलो, तोच खांब. नेटीने खिंड उडवली, तर धूर खाली बसल्यावर धुरातून तो खांब वर आला. विहिरीत उतरलो आणि चढून वर आलो ते न्हाव्याच्या मागच्या अंगणात. डेल्मरने शेरीफला मारलं. दुसऱ्या दिवशी शेरीफ दुकानात दाढी करून घेत बसला होता आणि आरशात खुर्ची रिकामी दिसत होती.

असे सोळा रविवार गेले. दर रविवारी लुएला त्याच वाक्याने सुरुवात करायची: "रस्त्यावरून पेटी जातेय. खांद्यावर तिघं आहेत. चौथा कोपरा मातीत घासतोय."

"हो हो, गेली पेटी," डेल्मर म्हणायचा. "मी शेरीफकडे जातो."

सिनेमाच्या सुरुवातीला वारा वाहतो, तसं आम्हाला ते वाटायचं.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी तिच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती. एका दमात वाक्य पुरं होत नव्हतं. तरी पेटीपासूनच सुरुवात केली. शेवटी डेल्मर म्हणाला, "लुएला, किती दिवस कोंडून ठेवणार आहेस आम्हाला?"

"मी कुठे कोंडलंय?" ती म्हणाली.

तो शेवटचा रविवार.

मग चार महिने टेबलावर आडोसा तसाच उभा राहिला. मी तो उचलला नाही. त्याच्या अलीकडे बसून जेवायला नको म्हणून सिंकपाशी जेवायला लागलो.

आयव्हरच्या फोननंतर दोन दिवसांनी नेटीचा फोन आला.

"रविवारी दोन वाजता येतोय आम्ही. मी जेवायला तमाले आणते. तू वही वाचून ठेव, आडोशामागे तू बसायचंस."

"मला गोष्ट सांगता येत नाही, नेटी."

"वाचता येतं ना? मग वाच. सिस्टरला मी त्या गावात मरायला सोडणार नाही. आणि ऐक, डेल्मर रडेल कदाचित. तू लक्ष देऊ नकोस."

शनिवारी दुपारी मी टेबलाला वळसा घातला आणि पहिल्यांदा तिच्या खुर्चीत बसलो. त्या बाजूने आडोसा असा दिसतो हे मला माहीत नव्हतं. फाटलेल्या जागी माझी काळी वायरची टेप लावलेली होती. एका कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, "ऑर्व्हलला एकदा तरी बोलतं कर."

वहीत चाळीसेक पानं मर्सी गावाची होती. कोण कुठे राहतं, कोणाला कशाची भीती आहे. पुढे पुढे अक्षर मोठं आणि वाकडं होत गेलेलं. पहिल्या रविवारच्या पानाखाली असं होतं:

"डेल्मरने मागचा डावा मारला. ठीक. मग आता तीनच. पेटी टेकडीवर पोचल्याशिवाय रस्ता उघडायचा नाही. यांच्यापैकी कोणीतरी आपणहून खांदा दिला तरच पोचेल. सांगायचं नाही."

वर तारीख होती चौदा सप्टेंबर. तिच्या आजाराचा रिपोर्ट आम्हाला नऊ सप्टेंबरला मिळाला होता.

शेवटून दुसऱ्या पानावर फक्त "टेकडी" एवढा एक शब्द होता, त्याखाली रेघ. पुढे कोरं. पान फाडलंय का म्हणून मी शिवणीत बोट घालून बघितलं. फाडलेलं नव्हतं.

मी बराच वेळ वही उघडी ठेवून बसलो. काय करायचं ते माझ्या मनात सरळ होतं. त्यांनी पेटी उचलली की गाव सुटणार. गाव सुटलं की गेम संपणार. आणि मग आयव्हरला तारीख न सांगायला माझ्याकडे काहीच कारण उरणार नव्हतं. नाही उचलली तर पुढचा रविवार होता, त्याच्या पुढचाही. मला ती पेटी उचललेली नको होती.

रविवारी दोघं दोनच्या ठोक्याला आले. डेल्मरने धुतलेला शर्ट घातला होता. तो आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसला, माझी रिकामी खुर्ची बघितली आणि मग मला आडोशामागे बघितलं.

"हे काही बरं दिसत नाही," तो म्हणाला. "बेडूक पाद्र्याच्या खुर्चीत बसल्यासारखं."

"सुरू कर रे," नेटी म्हणाली.

मी वहीतून वाचायला लागलो. "मर्सी. सकाळ आहे. गुत्त्याचं दार उघडं आहे. न्हावी दुकानापुढे पाणी मारतोय."

पेटीचं वाक्य मी गाळलं.

डेल्मरने बंदुकीत गोळ्या किती उरल्या ते मोजलं. म्हणाला, यावेळी न्हाव्यालाच धरू, सगळे रस्ते त्याच्या खांबापाशीच येतात. मी मनात म्हटलं, धर बाबा, महिनाभर धर. पण नेटी तमालेवरचं मक्याचं पान उलगडता उलगडता थांबली होती.

"पेटी?" ती म्हणाली.

"काय?"

"आज पेटी गेली नाही. लुएला पेटीपासून सुरू करायची. दर वेळी."

"अरे हो," डेल्मर म्हणाला. "म्हाताऱ्या, पेटी खाल्लीस तू."

"चुकून राहिलं."

"मग घे."

मी घेतलं. "रस्त्यावरून पेटी जातेय. खांद्यावर तिघं आहेत. चौथा कोपरा मातीत घासतोय."

सोळा रविवार कानांवर पडून जे कोणाला ऐकू आलं नव्हतं, ते मी गाळल्यामुळे ऐकू आलं. नेटीने हातातलं पान खाली ठेवलं.

"कुठे चाललेत ते?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण वहीत लिहिलेलं ते तिचं होतं. "टेकडीकडे," मी म्हणालो.

"आणि पोचत नाहीत?"

"रस्त्याच्या टोकापर्यंत जातात. तिथे पेटी घसरते. मग ते दक्षिणेकडून परत गावात शिरतात."

"आमच्यासारखेच," नेटी म्हणाली.

डेल्मर तिच्याकडे बघत होता. "थांब. चौघं होते ना आधी? चौथा कुठे गेला?"

नेटीने त्याच्याकडेच बोट दाखवलं.

"अरे देवा," डेल्मर म्हणाला. "मी मारला. पहिल्याच दिवशी." त्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "वीस पडले म्हणून मी टेबलावर नाचलो होतो. नेटी, मी नाचलो होतो ना?"

"खुर्चीवर चढून."

"आणि आत पिशाच्च नव्हतंच?"

"आत मेलेलं माणूस होतं, डेल्मर. पेटीत तेच असतं."

तो खुर्चीतच सरळ बसला. "डीकन टोपी काढतो. बंदुकीचा पट्टा सोडून गुत्त्याच्या पायरीवर ठेवतो. मागच्या डाव्या कोपऱ्याला जातो आणि खांदा देतो."

अकरा वर्षांत डीकनने पट्टा सोडलेला मी पाहिला नव्हता.

"फासा लागेल," मी म्हणालो.

डेल्मरने आपला लाल फासा उचलला.

"तू नको. या पेटीचा फासा मी टाकतो. दहा किंवा वर."

त्याने मुकाट्याने फासा खाली ठेवला. मी आडोशामागे टाकला. सतरा पडले.

"चार," मी म्हणालो. "ओझं फार आहे. पेटी घसरते."

"परत."

बारा पडले. "सात. डीकनचा पाय मुरगळतो. पुन्हा दक्षिणेचं फाटक, न्हाव्याचा खांब."

"परत," डेल्मर म्हणाला. त्याला घाम आला होता. "मी उठतो. पाय मुरगळलाय तर मुरगळू दे. परत."

एकोणीस. "दोन."

डेल्मर मागे टेकला. नुसता आपल्या हातांकडे बघत बसला, जणू दोष त्या हातांचा आहे. माणूस तीस वर्षं टाक्या खांद्यावरून उतरवतो, आणि मी त्याला सांगत होतो की तुला एक पाइनची पेटी पेलत नाही. तो माझ्यावर विश्वास ठेवत होता. मला आजही त्याचा तो चेहरा आठवला की लाज वाटते. पण तेव्हा मी घड्याळाकडे बघितलं.

"पाच वाजत आलेत," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी बघू."

"बघू," डेल्मर हळूच म्हणाला.

नेटी उठली नाही.

"पुढच्या रविवारी," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी मेमोरियल डे आहे. माहितीये?"

"मग?"

"शाळेची बस रोज सकाळी दफनभूमीच्या फाटकावरून जाते. आयव्हर मला हात करतो. शुक्रवारी त्याने हात केला नाही, बस थांबवली. मागे सव्वीस पोरं कलकलाट करतायत आणि हा खिडकीपाशी येऊन मला विचारतो, ऑर्व्हलचं काय चाललंय? चार वेळा पिकअप येताना दिसली म्हणे. जाळीपर्यंत येते आणि वळते."

"तीन वेळा," मी म्हणालो.

"जोराचं काम असलं की फासा आपला आपण टाकतो. लुएलाने आमच्या वतीने कधी टाकला नाही. किती पडले, ऑर्व्हल?"

डेल्मरने तिच्याकडे असं बघितलं जणू तिने चर्चमध्ये शिवी दिली. "नेटी, ते विचारायचं नसतं."

"मला माहितीये. किती पडले?"

तिने आडोशाला हात लावला नाही. तिचा हात तिथून वीतभर अंतरावर होता. नुसती वाकली असती तरी दिसलं असतं. ती वाट बघत राहिली. बाहेर कोणाचा तरी ट्रक गेला. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं, त्यात डेल्मरचा लाल फासा आणि तमालेची तीन पानं.

मी आडोशाची टेप लावलेली बाजू धरली आणि तो टेबलावर आडवा ठेवला. चार महिने तो मी हलवला नव्हता. वही उघडी पडली, फासाही. वर एकोणीस.

डेल्मर बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होता.

"आणि आधीचे?"

"सतरा. बारा."

"म्हणजे मी उचलली होती."

"पहिल्याच वेळी."

मला वाटलं तो उठून जाईल. त्याने रुमालाने तोंड पुसलं, मग मान, मग परत तोंड. "लोक गेममध्ये लबाडी करतात ती जिंकायला," तो म्हणाला. "तू मला पहिला माणूस भेटलास, ज्याने लबाडी करून सगळ्यांना अडकवून ठेवलं. स्वतःसकट."

"चुकलं माझं."

"चुकलं काय, गाढवा. चार महिने एकटा बसलास इथे. मी गल्लीच्या टोकाला टाक्या टाकायला यायचो आणि दार वाजवायची माझी हिंमत व्हायची नाही." तो खरंच रडायला लागला. नेटीने सांगितल्याप्रमाणे मी लक्ष दिलं नाही. माझंही तेच चाललं होतं.

नेटीने कॉफी ओतली. मग म्हणाली, "सतरा पडलेत. पेटी खांद्यावर आहे. पुढे?"

मी वहीकडे बघितलं. "पुढे लिहिलेलं नाही. टेकडी म्हणून लिहिलंय आणि खाली कोरं आहे."

"तिला तरी शेवट कुठे माहीत असायचा?" नेटी म्हणाली. "तू सांग. काय दिसतं?"

मला गोष्टी सांगता येत नाहीत. मी जे पाहिलं होतं ते सांगितलं. रस्ता चढाचा आहे म्हटलं. डावीकडे काटेरी तारेचं कुंपण, तिसरा खांब कललेला. वर एक फाटक आहे, त्याच्यापुढे जमिनीत लोखंडी पाइपांची जाळी. घोडे तिथे थांबतात.

"माणसं?" नेटीने विचारलं.

"माणसं जाऊ शकतात. पाय जपून टाकावा लागतो."

"डीकन जपून टाकतो," डेल्मर म्हणाला. "पुढच्यांनाही सांगतो, हळू."

"फाटकातून आत जातात. खड्डा खणून ठेवलेला आहे. मातीत फावडं उभं आहे. पेटी खाली ठेवतात. कोपरा घासत नाही."

"सिस्टर प्रार्थना म्हणते," नेटी म्हणाली, आणि तिने खरंच म्हटली, अर्धी स्पॅनिशमध्ये. मग तिने मला विचारलं, "टोबियास कुठे आहे?"

"घोड्यांपाशी."

"ऑर्व्हल."

मी वहीवर हात ठेवला. कोऱ्या पानावरच. "टोबियास घोडे कुंपणाला बांधतो," मी म्हणालो. "जाळी ओलांडून वर येतो. फावडं घेतो. पहिली माती तो टाकतो."

नेटीने कप माझ्याकडे सरकवला.

"आणि रस्ता?" डेल्मरने शेवटी विचारलं. "उघडला का?"

"तिघं खाली येतात. घोड्यांवर बसतात. उत्तरेला निघतात." मी थांबलो, कारण पुढचं मलाच माहीत नव्हतं. "बराच वेळ जातात. खांब येत नाही."

"अजून जा."

"अजून जातात. नुसता माळ आहे. खांब नाही."

डेल्मरने श्वास सोडला. नेटीने आपला कागद घेतला, सिस्टर पर्पेतुआचं नाव, जखमा, उरलेल्या डायनामाइटच्या दोन कांड्या, आणि घडी करून पर्समध्ये ठेवला.

मी उठून फोन लावला. आयव्हरने तिसऱ्या घंटेला उचलला. मागे त्याचा टीव्ही चालू होता.

"शनिवारी," मी म्हणालो. "दहा वाजता."

टीव्ही बंद झाला. "शनिवार. बरं. शुक्रवारी खणून ठेवतो. पाऊस नाही म्हणतायत." मग म्हणाला, "पेटीच्या कड्या धरायला सहा जण लागतात. किती आहेत तुझ्याकडे?"

मी टेबलाकडे बघितलं. "तीन."

"चौथा मी. दोन माझे पोरगे घेतो, दोघंही सहा फुटी आहेत, कामाचे बाकी नाहीत. आणि ऑर्व्हल, गाडी जाळीवरून नेता येते. पाइप मजबूत आहेत."

"मला माहितीये. बसवले मीच होते."

"हो की," आयव्हर म्हणाला.

फोन ठेवला तेव्हा डेल्मर उरलेली तमाले उभ्या उभ्या खात होता. नेटी कप धूत होती. मी आडोसा घडी करून वहीत ठेवला, आणि वही पलंगाखालच्या खोक्यात, मासिकांच्या वर.

परत आलो तर डेल्मर दाराशी टोपी घेऊन उभा होता.

"शनिवारी," तो म्हणाला, "मागची डावी कडी मी धरतो. दुसऱ्या कोणाला देऊ नकोस."

"नाही देणार," मी म्हणालो.